तांड्यातील वाचन-प्रगती आणि सतरावी ओळ

दि. ६ जानेवारी १९८३, गुरुवार. सकाळी ६ वा. १० मि.
दाढीचे पाणी तापत ठेवून तक्ता आखत बसलो आहे. चार रकाने: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. उभ्या बाजूला बारा मुलांची नावे. थावरू नायक तांडा, रेणापूरपासून सहा किलोमीटर. अनौपचारिक शिक्षण केंद्र, निदेशक मी, ऑक्टोबरपासून. सध्या सर्व मुले पहिल्या रकान्याच्याही अलीकडे आहेत, म्हणून डावीकडे एक जादा रकाना आखावा लागला. त्याला नाव दिले नाही.
टार्गेट: ३१ मार्चपर्यंत बारापैकी दहा मुले उताऱ्यावर. ते झाले की कायम नेमणुकीची शिफारस. लातूर जिल्हा ऑगस्टात नवा झाला आहे आणि नव्या जिल्ह्यात नव्या माणसाला वाव असतो, हे मी वडिलांना, म्हणजे अप्पांना, समजावले. अप्पा म्हणाले, पाडव्यापर्यंत कायम झालास तर ठीक, नाहीतर दुकानात तराजूमागे बस. बारावीचा इंग्रजीचा पेपर राहिला आहे हे त्यांना मध्येच आणायची गरज नव्हती.
पाणी उतू गेले. दुष्काळाचे दिवस आहेत. उद्यापासून दाढी एक दिवसाआड.

दि. १० जानेवारी, सोमवार
उपस्थिती शून्य. सात ते नऊ लिंबाखाली एकटा बसलो. फळा चार वेळा पुसला. त्यावर काही लिहिलेले नव्हते.
नायकाला भेटलो. थावरू नायक तांड्याचा प्रमुख, साठीचा, बोलण्याआधी विडी विझवतो. म्हणाला, पाऊस झाला नाही, विहीर आटली, अर्धा तांडा ऊसतोडीला गेला. उरलेल्या बाया पाझर तलावाच्या सरकारी कामावर जातात, पोरे त्यांच्यामागे. मी सांगितले की केंद्राची वेळ सात ते नऊ ठरलेली आहे. तो म्हणाला, हाव. आणि विडी पुन्हा पेटवली.

दि. १२ जानेवारी
धाडसी निर्णय. केंद्र पाझर तलावावर हलवायचे. तिथला मस्टर कारकून बसवंतअण्णा माझ्या आत्याचा मुलगा आहे. मी त्याच्याच खोलीत भाड्याने राहतो. हजेरीचे मस्टर तोच लिहितो, पंधरा दिवसांनी पगारही तोच वाटतो. त्याला कल्पना पटली नाही. मग हिशोब करून म्हणाला, पोरे एका जागी बसली तर बाया जास्त माती टाकतील. कारण कोणतेही असो, शिक्षणाला पाठिंबा मिळाला अशी नोंद करतो.

दि. १४ जानेवारी
उपस्थिती अकरा. एक झोपलेला होता, तो धरून बारा.
पुस्तके नाहीत. जुन्या जिल्ह्याचे ऑफिस म्हणते, नव्याकडे पाठवली. नवे ऑफिस म्हणते, आली नाहीत, आणि आली तरी कपाट नाही. माझी पाच पत्रे गेली. पाचही पत्रांत एकही खाडाखोड नाही.
फळ्यावर ‘आई’ लिहिले, शेजारी चित्र. पहिल्या रांगेतली सोनकी, वय दहा, चतुराबाईची मुलगी. तिने विचारले, ही बाई कोण? मी म्हणालो, आई. ती म्हणाली, आमच्यात याडी म्हणतात, आणि याडी अशी रिकामी उभी राहत न्हाई. मुलांची भाषा गोरमाटी, घरी तीच चालते. मग ‘कमळ’ लिहिले. कुणी पाहिलेले नव्हते. मीही विष्णुपुरीला एकदा लांबून पाहिले आहे, नक्की कमळच होते असे नाही. विषय बदलला.
मानधन तीन महिन्यांचे थकले.

दि. १८ जानेवारी. दुपारी २ वा.
मोठा शोध. घाईत आहे, तरी अक्षर नीट काढतो.
बसवंतअण्णा जेवायला बसला होता, मस्टर शेजारी उघडे. सोनकीने विचारले, त्यात काय लिहिलेय? मी म्हणालो, तुमच्या आयांची नावे.
“माझ्या याडीचं कुठं हाय?”
दाखवले. चतुराबाई सोमला राठोड. तिने बोट ठेवले ते काढेचना. मग बाराही मुले वाकली. एका तासात तीन मुलांना ‘च’ आला आणि पाचांना ‘र’, जे लिंबाखाली मार्चपर्यंत झाले नसते.
सोनकीने ते नाव आईला मोठ्याने वाचून दाखवले. तांड्यातल्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत. लेकीच्या तोंडून सबंध ‘सोमला’ ऐकून चतुराबाईने पदर तोंडात कोंबला. शेजारची म्हणाली, आता माझ्या मालकाचं वाच. दुपारची सुटी वीस मिनिटे लांबली. बसवंतअण्णा ओरडला.
या पद्धतीला मी ‘मस्टर-मेथड’ नाव दिले आहे. पुढेमागे यावर लेख.

दि. २४ जानेवारी, सोमवार
एक खासगी बाब. बसवंतअण्णा म्हणाला, “गुऱ्या, मानधन येत न्हाई, खोलीभाडं तू देत न्हाईस. मस्टरात सतरावी ओळ रिकामी हाय. तुझं नाव टाकून राहिलो. निम्मं तुझं, निम्मं माझं.”
मी विरोध केला. विरोध केल्याची येथे नोंद आहे.
नंतर शांतपणे विचार केला. मी दिवसभर कामावर हजर असतो. उन्हात असतो. मातीतच बसतो. शिवाय ही उचल आहे, मानधन आले की सरकारला परत. त्यामुळे हे गैर म्हणता येत नाही, फार तर आगाऊ म्हणता येईल.
त्याने मात्र ‘गुरलींग’ लिहिले होते. ते सहन झाले नाही. ओळ खोडून माझ्या पेनाने नीट लिहिली: गुरुलिंग मडिवाळप्पा कोरे. काम: माती टाकणे.

दि. ५ फेब्रुवारी, शनिवार. पगारवाटप.
तीस रुपये मिळाले. सहीही केली, ठळक.
प्रगती उत्तम. नऊ मुले ‘शब्द’ रकान्यात. बसवंतअण्णाचे अक्षर गिचमीड, मुलांना त्रास होतो. सबंध मस्टरमध्ये सुवाच्य ओळ एकच आहे. म्हणून सुरुवात सतराव्या ओळीपासून करतो, मग बाकीच्या. आदर्श नमुना समोर असला की मुले लवकर शिकतात.

दि. १२ फेब्रुवारी
बाराही मुले ‘वाक्य’ रकान्यात. तक्ता लाल शाईने भरला.
सोनकीने मस्टर वाचता वाचता विचारले, नवव्या ओळीतला सटवाजी आजा तर दिवाळीतच मेला, तो माती कशी टाकतो? मी सांगितले, सरकारी कागदाला बातमी पोचायला वेळ लागतो. तिला पटले असावे. मग म्हणाली, “आन् मास्तर, तुमी माती कवा टाकता?”
हे उताऱ्याच्या रकान्यात गेल्यावर सांगेन, असे म्हणालो.
 

दि. १९ फेब्रुवारी, शनिवार. पगारवाटप.
घडले तसे लिहितो.
चतुराबाईला बसवंतअण्णाने पंचेचाळीस रुपये दिले आणि अंगठा घ्यायला मस्टर पुढे केले. सोनकी शेजारी होती. तिने आकडा वाचला: बारा दिवस. चतुराबाईने पैसे मोजले, बोटांवर रोजाचे पाच-पाच धरले आणि अंगठा मागे घेतला.
“बारा लिवलेत आन् नऊचे देऊन राहिले,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “मास्तर, माझी पोरगी खोटं वाचती का?”
पंचवीसेक बाया रांगेत होत्या.  बसवंतअण्णा माझ्याकडे बघत होता. मला खोकला आला. खरा होता, पण लवकर संपला.
मी म्हणालो, वाचन अचूक आहे.
दुसरे काय म्हणणार? बरोबर वाचलेले चूक ठरवले तर तक्ता खोटा ठरतो. तिला साठ मिळाले. मागच्या सगळ्यांनी पोरे बोलावली.
माझे तीस रुपये मिळाले, पण हातात न देता जमिनीवर ठेवले.

दि. २० फेब्रुवारी, रविवार
 दुपारी बसवंतअण्णा भाकरी मोडत म्हणाला, “वाचायला शिकव की. मी कवा न्हाई म्हणलो? पण हळू शिकव.”
त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. अतिवेगाने घेतलेले शिक्षण टिकत नाही. उद्यापासून आठवड्याला फक्त एक अक्षर. मस्टर पेटीत, कुलूप लावून. त्याऐवजी चिऊताईचे गाणे.

दि. २३ फेब्रुवारी
गाणे कुणी म्हटले नाही. मी एकट्याने तीनदा म्हटले. बाया घमेली खाली ठेवून ऐकत होत्या, त्यामुळे मुकादम रागावला.
वर आलो तर बांधाच्या ओल्या मातीवर मुलांनी आठवणीने, काडीने सबंध मस्टर लिहून काढले होते. एकतीस ओळी. दिवसांसकट. सतरावी ओळ माझ्याच वळणाने, उकारही बरोबर. पायाने पुसावे असे वाटले, पण इतके शुद्ध लिहिलेले पुसवेना. अठराव्या ओळीपासून पुसले.

दि. ५ मार्च, शनिवार. पगारवाटप.
प्रत्येक बाईच्या शेजारी एक वाचणारे मूल. सर्वांना पुरे पैसे मिळाले. बसवंतअण्णाच्या म्हणण्याप्रमाणे शिल्लक काही राहिली नाही, म्हणून मला काही मिळाले नाही. सही मात्र घेतली.
बाया जाताना माझ्यासाठी भाकरी आणि लसणाची चटणी ठेवून गेल्या. मी संकोचाने खाल्ली. दोन.

दि. ८ मार्च
पत्र आले. नव्या ऑफिसचे पहिले पत्र. २४ मार्च रोजी विस्तार अधिकारी वाचन तपासायला येणार. दहा मुले वाचती दिसली तर केंद्र पुढे चालू आणि निदेशकाची शिफारस.
ज्याची वाट पाहत होतो तेच आले. तारखेखाली लाल शाईने रेघ मारली. 
बसवंतअण्णाने पत्र दोनदा वाचले. म्हणाला, साहेबासमोर पोरांनी मस्टर वाचले तर मी जातो, आणि माझ्यामागे सतरावी ओळ. मी म्हणालो, साहेब शिक्षणाचे आहेत, मस्टर कशाला बघतील? तो म्हणाला, बघू नयेत असं कर.

दि. ९ मार्च. पहाटे ५ वा.
प्लॅन तयार.
१. रेणापूरच्या शाळेतून दुसरीचे एक पुस्तक उसने आणणे.
२. त्यातला ‘बागेतील माळी’ हा एकच धडा मुलांकडून तोंडपाठ करून घेणे.
३. साहेबांसमोर तोच धडा. मस्टर कुलपात.
यात फसवणूक नाही. मुलांना वाचता येतेच. फक्त जे वाचता येते ते न वाचता, जे पाठ आहे ते वाचायचे.

दि. १९ मार्च, शनिवार
धडा बाराही जणांना पाठ. माळी म्हणजे काय ते सोनकीने विचारले. बाग म्हणजे काय तेही. उत्तरे दिली नाहीत, वेळ कमी आहे.
पगार: मला शून्य. सही केली.

दि. २२ मार्च
संध्याकाळी नायकाच्या दारात पंच बसले होते. मला बोलावणे नव्हते. मुलांना मात्र एकेक करून आत नेले. सोनकीला विचारले, काय चालले आहे? ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली.
होळी जवळ आली, त्याची वर्गणी असेल.

दि. २४ मार्च, गुरुवार. रात्री ९ वा.
दुपारपासून लिहायला बसतो आहे. क्रमाने लिहितो.
साहेब साडेदहाला आले. बारीक, उन्हाची छत्री, खिशात शेंगदाणे. मुले तेल लावून, भांग पाडून रांगेत बसली होती. आया घमेली घेऊन मागे उभ्या. नायक बाभळीला टेकून. बसवंतअण्णा लांब, मस्टर काखेत. कुलपाची किल्ली नेमकी आज हरवली होती, हजेरी लिहायला पेटी फोडावी लागली, आणि मोडक्या पेटीपेक्षा काखेत बरे असे त्याचे म्हणणे.
साहेबांनी पुस्तक उघडून सोनकीपुढे धरले. ती घडघड सुरू झाली. साहेबांनी मुद्दाम पान उलटले. माळी चालूच राहिला. पुढच्या मुलाला, हरचंदला, त्यांनी पुस्तक उलटे धरून दिले. त्यानेही एक शब्द चुकवला नाही. मला त्याचे कौतुक वाटले, पण ती वेळ नव्हती.
साहेबांनी पुस्तक मिटले. “हे पाठ आहे, मास्तर. सगळीकडे पाठच असतं,” ते म्हणाले. “यांना पाठ नसलेलं काहीतरी आणा.”
 बारा मुलांनी एकदम बसवंतअण्णाच्या काखेकडे पाहिले. साहेबांनीही पाहिले.
सोनकीने मस्टर मांडीवर घेऊन गेल्या पगाराचे पान काढले. पहिली ओळ. दुसरी. नाव, काम, दिवस. न अडखळता. आठव्या ओळीला तिची आई आली, तेव्हा मागून बांगड्या वाजल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तेवढ्या क्षणी मी कायम झालो होतो, असे मला अजून वाटते.
नवव्या ओळीला तिने वाचले: सटवाजी, माती टाकणे, बारा दिवस. आणि न विचारता सांगितले, “हा मेला, साहेब. दिवाळीत.”
साहेबांचे चावणे थांबले. तेराव्या ओळीला ती म्हणाली, ही पार्वतम्मा कोण ते कुणालाच ठावं न्हाई. बसवंतअण्णा पाणी पिऊन येतो म्हणाला. माझी सायकल घेऊन गेला.
चौदा, पंधरा, सोळा.
मग ती थांबली. बोट सतराव्या ओळीवर होते. म्हणाली, हे येत न्हाई. आणि अठरावी ओळ सुरू केली.
मला प्रथम राग आला. सर्वांत आधी शिकवलेली ओळ. जोडाक्षर एकच.
साहेबांनी हरचंदला बोलावले. तो सोळापर्यंत आला, म्हणाला येत न्हाई, अठरावर गेला. तिसरी मुलगी, तेच. साहेब एकेकाला बोलावत गेले. चौथे, पाचवे, सहावे. बाराही मुले सोळावरून अठरावर गेली. तक्त्यात नसलेला एक चार वर्षांचा, नुसता ऐकायला बसणारा, त्यानेही बोट नेऊन मान हलवली. कामाचा आवाज केव्हाच थांबला होता.
साहेबांनी चष्मा पुसला, मस्टर डोळ्यांजवळ नेले. म्हणाले, “सबंध मस्टरमध्ये वाचता येईल असं अक्षर या एकाच ओळीत आहे. आणि नेमकी तीच कुणाला येत नाही?”
नायकाने विडी विझवली, पण बोलला नाही.
“मास्तर,” साहेब म्हणाले, “तुम्ही वाचा.”
मी वाचले. गुरुलिंग मडिवाळप्पा कोरे, माती टाकणे, बारा दिवस. उच्चार स्पष्ट. 
साहेबांनी सोनकीला विचारले, बरोबर वाचलं का?
“न्हाई, साहेब,” ती म्हणाली. “मास्तरचं चुकलं.”
कुणी हसले नाही. साहेबांनी बराच वेळ लिहून घेतले. शेंगदाणे मुलांना वाटून टाकले. जाताना मला नमस्कार केला, तो मी परत केला की नाही ते आठवत नाही.

दि. २५ मार्च
तक्रार नोंदवतो. मुलांनी सतरावी ओळ इतर ओळींसारखी वाचली असती तर साहेबांच्या ध्यानातही आली नसती. एकतीस नावांत एक नाव. साहेब मला ओळखत नव्हते, नुसते मास्तर म्हणत होते. गप्प राहून मुलांनी ती ओळ उजेडात आणली. हे मी नायकाला स्पष्ट सांगितले.
त्याने ऐकून घेतले. म्हणाला, “पंचांनी ठरीवलं व्हतं. कारकुनाचं वाचायचं, मास्तरचं न्हाई. तुमी पोरांत बसलाव, आमची भाकर खाल्लाव. तुमचं नाव आमी घेतलं न्हाई. तुमी घेतलं.”
मी म्हणालो, साहेबांनी विचारल्यावर मी काय करणार?
तो म्हणाला, “साहेबांनी पोरांना बी इचारलं व्हतं.”
यावर मुद्देसूद उत्तर आहे. सुचले की लिहीन.

दि. २९ मार्च
कामावर नवा मस्टर कारकून आला. मुले त्याच्याभोवती बसली आहेत. तो अक्षर सुधारून लिहितो आहे असे दिसते.
तांड्यात होळीचा नाच. मला बोलावले होते. पोट बरे नाही असे कळवले. चतुराबाईने गोड पोळी पाठवली. पोट बरे होते.

दि. ३१ मार्च १९८३, गुरुवार. सकाळी ८ वा.
पत्र मिळाले. वाचन-प्रगती: बारापैकी बारा, उत्तम. केंद्र चालू राहील. निदेशक बदलण्यात येत आहे. थकीत मानधन चौकशी होईपर्यंत स्थगित. मस्टरवरील अठ्ठेचाळीस दिवसांची रक्कम, सह्या असल्याने, संपूर्ण वसूल करावी.
मला मिळाले होते साठ. असो, टार्गेट दोनने ओलांडले.
अप्पांचा निरोप आला: दुकानातला मुलगा गेला, लवकर ये. दुपारच्या गाडीने निघतो. तक्ता सोबत घेतला आहे. गुंडाळताना डावीकडचा बिननावाचा रकाना बाहेर राहतो.

खर्च
पाट्या, १२: रु. १८.००
खडू, ५ पेट्या: रु. ७.५०
गूळ, ६ किलो, उपस्थितीसाठी: रु. १८.००
कागद व शाई: रु. ६.००
पंक्चर, ९: रु. ४.५०
एकूण खर्च: रु. ५४.००

देणे
सरकार, मस्टर: रु. २४०.००
अप्पा: रु. १५०.००
बसवंतअण्णा, खोलीभाडे (पत्ता माहीत नाही): रु. १२०.००
रेणापूरचे किराणा दुकान: रु. ३१.५०
एकूण देणे: रु. ५३७.५०

दोनदा तपासले. सोनकी पाटी घेऊन आली होती. तिने आकडे उतरवून घेतले, बेरीज केली आणि पाटी माझ्यापुढे ठेवली. मी तिसऱ्यांदा केली. चार रुपये मी कमी धरले होते.

एकूण देणे: रु. ५४१.५०